पावसाळ्यात बंदुकीला कोणतं तेल? दुनळीसोबतच्या नऊ महिन्यांचा अनुभव

2024 च्या जूनमध्ये, लोकसभेचे निकाल लागल्यानंतर, निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे पोलिसांकडे जमा केलेली बंदूक परत मिळाली. घरी आणून गवसणीतून बाहेर काढली आणि पोटात खड्डा पडला. उजव्या नळीवर चार बोटं आणि एक अंगठा, अगदी हात उमटावा तसे तपकिरी गंजाचे डाग होते. तो माझाच हात होता. मार्चअखेर जमा करायला नेताना घामेजल्या हाताने नळी धरली होती. त्याआधी घाईघाईत स्वयंपाकघरातलं खोबरेल फिरवलं होतं आणि तेवढ्यावर समाधान मानलं होतं. दोष ठेवणाऱ्यांचा नव्हता, माझा होता. वडिलांनी पस्तीस वर्षं सांभाळलेल्या बंदुकीवर अडीच महिन्यांत हे झालं, याचं फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून तेलांच्या मागे लागलो. आता मार्च 2025 उजाडलाय, नऊ महिने झाले. जे कळलं ते लिहून ठेवतोय, कारण माझ्यासारखे परवानाधारक शेतकरी कोकणात आणि गोव्यात पुष्कळ आहेत आणि या विषयावर मराठीत काही हाती लागत नाही.

बंदूक कुठली ते आधी सांगतो. 12 बोअरची दुनळी, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. दक्षिण सिंधुदुर्गात आमची काजू, नारळ आणि थोडी भातशेती आहे. वर्षाला मोजून दहा-बारा बार निघतात, तेही खडकीच्या कारखान्याच्या शक्तिमान काडतुसांचे. बाकीचे साडेतीनशे दिवस बंदूक कपाटात उभी असते. सगळा मुद्दा इथेच आहे. परदेशी नेमबाज तेलांबद्दल जे सांगतात ते हजारो गोळ्या झाडणाऱ्या बंदुकांबद्दल असतं. घर्षण किती कमी होतं, काजळी किती सुटते, कडाक्याच्या थंडीत तेल गोठतं का, हे त्यांचे प्रश्न. आपली बंदूक झिजत नाही, आपली बंदूक गंजते. जुलैत आमच्याकडे हवा दिवसेंदिवस ओलीचिंब असते, समुद्र जवळ असेल तर त्यात खारटपणाही येतो. म्हणून तेल किती बुळबुळीत आहे याला फारसा अर्थ नाही. ते लोखंडावर किती दिवस टिकून बसतं, एवढंच बघायचं.

नळीवरचा निळा-काळा रंग गंज अडवतो असा समज मीही बाळगून होतो. तो रंग म्हणजे लोखंडाच्याच ऑक्साइडचा एक पातळ थर. लाल गंजाचा काळा, जरा सभ्य भाऊ म्हणा. तो सच्छिद्र असतो, त्यामुळे तेल धरून ठेवतो. तेल नसेल तर त्याच छिद्रांत पाणी शिरतं. घामातल्या मिठाला तर एक रात्रही पुरते.

आधी गंज काढायचा होता. आमचे काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते, आता वय ऐंशीच्या पुढे. बंदूक त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी सवयीने आधी ती उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, मग मला पुन्हा करायला लावली. नळी उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाले, "झिला, तेल घालूक सगळ्यांका येता, पुसूक कोणाक नको असता." मग देवघरातल्या डब्यातून ब्रिटिश काळातला भोकाचा पैसा काढून दिला. तो काशाचा असतो, पोलादापेक्षा मऊ. तेलाचा थेंब टाकून त्याच्या कडेने गंज हळूहळू खरवडला की गंज निघतो आणि खालचा रंग बराचसा शाबूत राहतो. जिथे नाण्याने भागलं नाही तिथे सर्वांत बारीक, चार शून्य नंबरची स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवली. पॉलिश पेपर बंदुकीला चुकूनही लावू नका, गंजाबरोबर रंगही जातो. अंगठ्याचा डाग शेवटपर्यंत पूर्ण गेला नाही. खाली बारीक खळगे पडलेत, ते आता कायमचे.

जुनं खोबरेल काढायला रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन वापरलं. पूर्वी यासाठी रॉकेल असायचं, आता ते सहज मिळत नाही. खोबरेलाचं काय झालं होतं ते बघण्यासारखं होतं. खटक्याच्या फटीत आणि बिजागरीजवळ त्याचा पिवळट चिकट लेप झाला होता आणि त्यात धूळ रुतून बसली होती. खाद्यतेलं हवेत राहिली की खवट होतात, त्यांत आम्ल तयार होतं, आणि कमी-जास्त प्रमाणात ती घट्ट होतात. जवसाचं तेल तर वाळून चक्क रोगणासारखं कडक होतं. पूर्वी घराघरांत खोबरेल लावत हे खरं, पण तेव्हा दर आठवड्याला बंदूक पुसणारं कोणीतरी घरात असायचं. राखण त्या नेमाच्या पुसण्याने होत होती, श्रेय तेलाला मिळत होतं.

मग म्हटलं, अंदाजावर किती दिवस काढणार? फॅब्रिकेशनवाल्याकडून साध्या लोखंडी पट्टीचे वीतभर लांबीचे सहा तुकडे आणले, घासून चकचकीत केले, थिनरने पुसले. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, 22 जूनला, ते पडवीत टांगले. पाऊस थेट लागत नाही पण तुषार येतात अशी जागा. एक तुकडा कोरा ठेवला. बाकी पाचांना खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन, मोटारसायकलचं नवं 20डब्ल्यू-40 इंजिन ऑइल आणि व्हॅसलीन लावलं. गणपतीपर्यंत कोणालाही हात लावायचा नाही असं ठरवलं. हे साधं लोखंड आहे, बंदुकीचं पोलाद नाही, आणि कपाटातल्या बंदुकीपेक्षा पडवीतले हाल कितीतरी जास्त. पण एकमेकांशी तुलना करायला तेवढं पुरेसं होतं.

कोरा तुकडा दुसऱ्या सकाळी पिवळा पडला. खोबरेलाने पहिला आठवडा बरा काढला, मग चिकट झालं आणि त्याच्या खालूनच ठिपके उमटायला लागले. सर्वांत जास्त शिकवलं ते शिलाई मशीनच्या तेलाने. दहा-बारा दिवस पट्टी सुंदर राहिली. नंतर वरच्या टोकाकडून गंज सुरू झाला आणि रोज थोडा थोडा खाली उतरत गेला. खालच्या टोकाला मात्र तेलाचा थेंब लोंबत होता! तेल वाया गेलं नव्हतं, ते जागा सोडून खाली गेलं होतं. पातळ तेल असंच वागतं. उभ्या ठेवलेल्या बंदुकीतही हेच होत असणार, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

लिक्विड पॅराफिन म्हणजे शुद्ध केलेलं खनिज तेल, बद्धकोष्ठावर देतात तेच. ना वास, ना रंग, ना खवटपणा. ते जरा जाड असल्याने शिलाईच्या तेलापेक्षा आठवडाभर जास्त टिकलं, पण गंज रोखणारं वेगळं काही त्यात नसतं, त्यामुळे थर पातळ झाला की काम संपलं. नव्या इंजिन ऑइलने मला चकित केलं. नागपंचमीला, म्हणजे 9 ऑगस्टला, ती पट्टी जवळजवळ स्वच्छ होती, गणपतीपर्यंत फक्त कडांना ठिपके आले. कारण शोधायला फार लांब जायला नको. इंजिनच्या आत ज्वलनातून पाणी आणि आम्ल तयार होतं, म्हणून त्या तेलात गंजरोधक आणि आम्ल मारणारी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात. पण हे नव्या तेलाबद्दल. गॅरेजमधलं जळकं ऑइल आपल्याकडे वाशांना, खांबांना लावतात आणि काही जण बंदुकीलाही लावतात. त्यात तीच आम्लं, काजळी आणि धातूचा कीस साठलेला असतो. हात जोडून सांगतो, ते लावू नका.

आणि व्हॅसलीन. 7 सप्टेंबरला गणपती बसले, संध्याकाळी आरती झाल्यावर पट्टी उतरवून पुसली. धूळ आणि दोन मेलेल्या मुंग्यांच्या खाली लोखंड जूनमध्ये होतं तसं चकचकीत. अकरा आठवडे!

दरम्यान जुलैत एका परवानाधारक विक्रेत्यामार्फत बॅलिस्टॉलची बाटली मिळाली होती. हे जर्मन तेल 1904 मधलं. धातू, लाकूड आणि चामडं या तिन्हींना चालेल असं एकच तेल तिथल्या शाही सैन्याला हवं होतं, त्यासाठी ते बनवलं गेलं. मुळात तेही शुद्ध पांढरं खनिज तेलच, पण किंचित अल्कधर्मी, त्यामुळे घामाच्या आम्लाला उतारा मिळतो. पाण्यात घातलं तर ताकासारखं पांढरं होऊन मिसळतं. वास बडीशेपेसारखा. घरात काहींना आवडतो, काहींना नाही, मला आवडतो. जुलैपासून दर पंधरा दिवसांनी दोन्ही नळ्या, खटक्याची पेटी, चापाचं कडं, सगळ्यावर याचं बोट फिरवलं. नव्या गंजाचा एक ठिपका आलेला नाही. बंदूक घरी असताना पंधरा दिवसांचा नेम मी एकदाही चुकवला नाही, हे याबरोबर सांगायला हवं. जुन्या बनियनचा एक तुकडा या तेलात भिजवून काचेच्या बरणीत ठेवलाय. बंदुकीला हात लागला की ठेवण्याआधी त्याने पुसायचं, घरात कोणीही हात लावला तरी. बाटली स्वस्त नाही, पण या पद्धतीने नऊ महिन्यांत निम्मीही संपली नाही.

डब्ल्यूडी-40 बद्दल मला सर्वांत जास्त विचारलं जातं, कारण ते प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. 1953 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत ते तयार झालं, अ‍ॅटलस क्षेपणास्त्रांसाठी ते वापरलं गेलं. नावाचा अर्थच पाणी हटवण्याचा चाळिसावा प्रयत्न. त्यातला बराच भाग उडून जाणारा द्राव असतो, मागे पातळ थर उरतो. म्हणून मी ते त्याच्या नावातल्या कामासाठीच ठेवलंय. ऑगस्टमध्ये एका रात्री रानडुकरं भातात उतरली, बार काढायला धावलो आणि बंदूक चिंब भिजली. घरी येऊन काडतूस काढलं, नळ्या उतरवल्या, सगळीकडे स्प्रे मारला, फटींतलं पाणी वर आलं ते टिपलं, कोरडं केलं आणि मग बॅलिस्टॉल लावलं. दुनळीत दोन नळ्यांच्या मधली जी पट्टी असते तिच्या खाली पाणी शिरलं तर बाहेर यायला वाटच नसते. तिथे स्प्रेची नळी नेऊन मारली. नंतर दोन दिवस बंदूक माजघरात चुलीच्या बाजूच्या भिंतीला, पण आगीपासून लांब ठेवली. या कामाला तो स्प्रे खरोखर उत्तम.

हलणाऱ्या भागांबद्दल थोडक्यात. बंदूक उघडताना नळी जिथे वाकते त्या बिजागरीच्या खिळ्यावर आणि आकड्यावर तेल टिकत नाही, दाबाने बाजूला सरकतं. तिथे तांदळाच्या दाण्याएवढं लिथियम ग्रीस, बेअरिंगला लावतात तेच. आधीचं पुसून मगच नवं. आत, घोड्यांच्या यंत्रणेत, मी काहीही ओतत नाही. कोल्हापूरच्या एका परवानाधारक कारागिरांकडे ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंदूक नेली होती. त्यांनी पेटी उघडून दाखवलं. वर्षानुवर्षं फटीतून सोडलेलं तेल आत काळ्या डांबरासारखं जमलं होतं, आणि त्यातलं बरंचसं दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या, लाकडात मुरलं होतं. लाकडाचा तो भाग काळा आणि मऊ झाला होता, नखाने दाबला तर खूण उठत होती. तिथेच तर बाराचा धक्का बसतो! त्यांनी सांगितलेला उपाय इतका सोपा की आधी कोणी सांगितला नाही याची हळहळ वाटली: तेल लावल्यावर बंदूक नळीचं तोंड खाली करून ठेवायची. जादा तेल तोंडाकडून निथळतं, दस्त्यात उतरत नाही. खाली फडकं अंथरायचं. माझ्या शिलाईच्या तेलाच्या पट्टीने जे दाखवलं होतं तेच हे.

दस्ता अक्रोडाचा आहे. त्याला उकळलेलं जवसाचं तेल लावलं. तळहाताने, उब येईपर्यंत चोळून, अगदी चार थेंब, दुसऱ्या दिवशी पुन्हा चार थेंब. लोखंडावर वाळून कडक होणारं तेल लाकडावर मात्र हवंच असतं, त्याचा तो दोष इथे गुण ठरतो. फक्त जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका. ती वाळताना आपोआप तापते आणि पेटूही शकते. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. काजूच्या गरांच्या गोण्यांशेजारी असली चिंधी पडून राहिली तर काय होईल याचा विचार करा.

आमच्या वाडीत एकाकडे ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक आहे, परवान्याची. त्यांनाही माझं तेलाचं वेड लागलं, पण त्यांचा प्रश्न वेगळा. काळी दारू जळल्यावर अर्ध्याहून जास्त भाग राख म्हणून मागे उरतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात, ते हवेतली ओल ओढून घेतात. त्यांच्यावर तेल लावलं तर क्षार तेलाखाली सुखरूप राहतात आणि नळी आतून खातात. ते क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून बार काढल्याच्या दिवशीच साबणाचं कडकडीत पाणी, मग स्वच्छ गरम पाणी, गजाला चिंध्या गुंडाळून त्या पांढऱ्या येईपर्यंत पुसणं, आणि नळी गरम असतानाच तेल. काका सांगतात, पलटणीत जुन्या रायफलींच्या नळीतही असंच उकळतं पाणी ओतायचे आणि मग फुलथ्रू, म्हणजे टोकाला चिंधी लावलेली दोरी, नळीतून ओढायचे. काडतुसाच्या बुडाला ठिणगी देणारी जी टोपी असते, तिच्यातही त्या काळी क्षार सोडणारं रसायन असे. शेजाऱ्यांनी ऑगस्टपासून हे सुरू केलंय.

खरी परीक्षा ऑक्टोबरात आली. विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली आणि बंदूक पुन्हा जमा करायची वेळ आली. या वेळी आदल्या दिवशी सकाळी बसलो. सगळं टर्पेंटाइनने पुसलं, उन्हात कोरडं केलं, हातात सुती मोजे घातले. व्हॅसलीन कोमट पाण्यात वाटी ठेवून पातळ केलं आणि चिंधीने बाहेरून सगळ्या लोखंडावर, आतून दोन्ही नळ्यांत पातळ थर दिला. चामड्याची गवसणी मुद्दाम घरी ठेवली. चामडं ओल धरून ठेवतं, कमावताना वापरलेले क्षार त्यात असतात, आणि मार्चमध्ये बोटांचे ठसे त्या गवसणीच्या आतच पिकले होते. त्याऐवजी जुन्या धोतराच्या सुती कापडात बंदूक गुंडाळली, वरून सैल पोतं. पावतीवर बंदुकीचा नंबर तपासून घेतला आणि परतलो. त्या दीड महिन्यात कपाटाकडे नजर गेली की पोटात ढवळायचं.

निकाल 23 नोव्हेंबरला लागला आणि पुढच्या आठवड्यात बंदूक ताब्यात आली. पडवीत, काकांच्या समोरच कापड सोडलं. दोन्ही नळ्या, पेटी, चाप, माशी, कुठेही काही नाही. काकांनी नळी उजेडाकडे धरली, बराच वेळ बघितली आणि न बोलता माझ्या हातात दिली. मला खूप बरं वाटलं.

व्हॅसलीन लावलेल्या बंदुकीबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची: बार काढण्याआधी नळ्या आतून पूर्ण कोरड्या करायलाच हव्यात. नळीत ग्रीसचा किंवा तेलाचा गोळा असताना बार काढणं धोक्याचं आहे, दाब वाढून नळी फुगू किंवा फाटू शकते. मी कपाटाच्या आतल्या बाजूला दोरीने एक पुठ्ठा बांधलाय, त्यावर "व्हॅसलीन आहे" किंवा "नळ्या कोरड्या" असं लिहिलेलं असतं. तेलाचा हात काडतुसांनाही लागू देऊ नका. पातळ तेल टोपीतून आत झिरपलं तर काडतूस फुसकं निघू शकतं. काडतुसं वेगळ्या डब्यात, कुलपात, सिलिका जेलच्या पुडीसह. ते नारंगी दाणे ओल शोषून हिरवट झाले की मंद आचेवर तव्यावर परततो, पुन्हा नारंगी होतात.

सध्याचा क्रम असा आहे. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात महिन्यातून एकदा बॅलिस्टॉल. बाटली संपली आणि मिळाली नाही तर नवं इंजिन ऑइल, अगदी पातळ फिरवून, त्याला मी कमी लेखत नाही. बिजागरीला ग्रीस. महिन्याहून जास्त बंदूक डोळ्यांआड जाणार असेल तर व्हॅसलीन. शिलाई मशीनचं तेल घरात आहे, ते आता शिलाई मशीनलाच जातं.

ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं रेनेसान्स नावाचं मेण संग्रहालयांत जुन्या शस्त्रांना लावतात. त्याची छोटी डबी पुण्याहून मागवली आहे. मेण वाळल्यावर हाताला चिकटत नाही आणि धूळ धरत नाही, म्हणून नळीच्या बाहेरच्या बाजूला ते व्हॅसलीनपेक्षा सोयीचं पडेल असं वाटतं. यंदा मृगाच्या आधी पडवीत पुन्हा पट्ट्या टांगणार आहे. एक मेणाची, एक बॅलिस्टॉलची, एक व्हॅसलीनची, आणि या वेळी एक जुनी, रंग चढवलेली नळीच. ती कारागिरांनी त्यांच्या भंगारातून कापून दिली आहे.